बत्तीसनंतर चौतीस

उट्रेख्ट, नेदरलँड्स
९ जानेवारी २०२४

मेघाताई गजभिये यांना नमस्कार.

मराठीतलं पत्र पाहून दचकू नका. आपल्या ग्रंथपालांच्या मेल-गटावर तुमची मागणी आली, खाली 'नागपूर' वाचलं आणि मी ऑफिसात बसल्याबसल्या "अय्या!" म्हणून ओरडलेच. शेजारच्या डच बाईची कॉफी सांडली.

मी सुरुची मुंडले. इथल्या शेतकी ग्रंथालयात मला पंचवीस वर्षं होत आली. मूळची नागपूरची, लक्ष्मीनगरची. आणि आता ऐका गंमत. तुम्ही फळबाग संशोधन केंद्रात ज्या खुर्चीवर बसता ना, त्याच खुर्चीवर माझे बाबा बसायचे. दत्तोपंत मुंडले, १९७० ते ९८. शाळेला सुट्टी असली की मी त्यांच्या स्कूटरवर मागे बसून वाडीच्या पुढे तुमच्या त्या लाल कौलांच्या इमारतीत यायची. शिडीवर चढून वरच्या फळीवरची धूळ खायची.

तुम्ही मागितलेली 'काटोल-नरखेड भागातील संत्राबागांची निरीक्षणे, १९५१ ते ५८' आमच्याकडे आहेत, चारही खंड. जगात दुसरीकडे कुठेच दिसत नाहीत. मी स्वतः जातीनं स्कॅन करवून घेते. तुमच्या शास्त्रज्ञ शामला मॅडमना सांगा, डिंक्या रोगाच्या जुन्या नोंदी आल्याच म्हणून समजा.

आपल्या गटाचा नियम तर तुम्हाला ठाऊकच आहे. लागेल त्यानं मागावं, असेल त्यानं द्यावं, कारण कोणी विचारू नये. पेरूतली एक बाई केनियातल्या माणसाला मक्याच्या किडीवरचा लेख पाठवते, आणि दोघांनी एकमेकांचं तोंडसुद्धा पाहिलेलं नसतं. मला तर आपला हा गट फार आवडतो बाई.

तुमची,
सुरुची


नागपूर
१८ जानेवारी २०२४

सुरुची मॅडम यांना सप्रेम नमस्कार.

चारही फायली मिळाल्या. शामला मॅडम खूश आहेत. नरखेडच्या बागांमध्ये कोणत्या विहिरीच्या पाण्यावर कोणतं झाड कधी वाळलं, याच्या सत्तर वर्षांपूर्वीच्या नोंदी त्यांना घरबसल्या मिळाल्या. त्यांच्या वतीनं आभार.

मुंडले साहेबांचं नाव इथं सगळ्यांना माहीत आहे. त्यांच्या अक्षरातली पुस्तकनोंदीची ॲक्सेशन रजिस्टरं रोज माझ्या हाताखाली असतात. फार वळणदार अक्षर.

एक बारीकशी गोष्ट विचारायची होती. पहिल्या खंडात पान ३२ नंतर एकदम ३४ येतं. मला वाटलं, राहिलं असेल. दुसरा उघडला, त्यातही ३३ नाही. तिसऱ्यात नाही, चौथ्यातही नाही. बाकीच्या एक हजार चाळीस पानांमध्ये एकही पान चुकलेलं नाही. मी मोजली. चार वेळा चुकायचं आणि चारही वेळा एकाच आकड्यावर, हे मला जरा नवल वाटलं.

ती चार पानं पाठवावीत, ही विनंती.

आपली,
मेघा गजभिये


उट्रेख्ट
२४ जानेवारी २०२४

मेघाताई,

एक हजार पानं मोजलीत? धन्य आहे तुमची! आमच्या मशीनला तेहतीस हा आकडा आवडत नसावा. स्कॅन करणारा मोहित नावाचा आपल्याकडचाच विद्यार्थी आहे, त्याला चांगली झापली.

पण आता एक अडचण झालीय. खंड फार जीर्ण झालेत, त्यामुळे ते बांधणीला गेले. दोन-तीन महिने तरी हाती येणार नाहीत. तसं त्या पानांवर विशेष काही नाही हो, पावसाचे तक्ते आहेत. बांधणीला देण्याआधी मी उतरवून घेतले होते, ते खाली टाइप करून देते आहे. शामला मॅडमचं काम अडू नये.

आणि एक विचारू? तुम्हाला या ३३चं इतकं का पडलंय? ग्रंथालयात बाबांच्या वेळचं कोणी आहे का अजून? १९९७ची वगैरे रजिस्टरं तुम्ही कशाला चाळता? आणि गजभिये हे सासरचं असेल ना? माहेर कुठलं तुमचं?

सहज विचारलं.

सुरुची


नागपूर
२ फेब्रुवारी २०२४

सुरुची मॅडम,

१९९७चं रजिस्टर मी चाळते असं मी तुम्हाला कधीच लिहिलं नव्हतं. माझं पत्र पुन्हा वाचून पाहा. साल तुम्हीच काढलंत.

आता ३३चं. पान ३३ आणि पान ३४ ही एकाच कागदाची दोन अंगं असतात. कागद फाटला असता तर ३४ही गेलं असतं. ३४ तर माझ्यासमोर आहे, चारही खंडांतलं. म्हणजे ३३ होतं, स्कॅनही झालं होतं आणि कोणीतरी ते बसून काढलं. त्या मोहितला उगाच झापलंत.

तुम्ही ग्रंथपालाची मुलगी आणि स्वतः ग्रंथपाल, त्यामुळे तुम्हाला सांगायला नको. तरी लिहिते, म्हणजे आपल्या दोघींत गैरसमज राहणार नाही. पुस्तक चोरणारा पहिलं शिक्क्याचं पान फाडतो. म्हणून प्रत्येक ग्रंथालय आत कुठंतरी एका ठरलेल्या पानावर दुसरा शिक्का मारतं. त्याला गुप्त पान म्हणतात, आणि आकडा बाहेर कोणाला सांगत नाहीत. आमच्या केंद्राचं गुप्त पान ३३ आहे. हे इथं काम केलेल्या माणसालाच माहीत. नाहीतर त्याच्या घरच्यांना.

पान ३३वरचा शिक्का ओल्या शाईचा होता. तो कागदातून पलीकडं उतरलाय. ३४ मी कॉम्प्युटरवर उलटं केलं आणि आमच्या केंद्राचं नाव वाचलं.

आता माझ्याकडचं ऐका. १९९७च्या मोजणीत हे चार खंड सापडले नाहीत. रजिस्टरमध्ये त्यांच्यासमोर, शेऱ्याच्या रकान्यात, तुमच्या बाबांच्या वळणदार अक्षरात असं लिहिलंय: 'गहाळ. परिचर धो. ढोके जबाबदार.' रद्दीत विकले म्हणून त्या परिचराला त्याच वर्षी काढून टाकलं. नागपूरच्या रद्दीवाल्यानं ते खंड उट्रेख्टला नेऊन दिले काय?

तुम्ही म्हणता तिथं पंचवीस वर्षं होत आली. म्हणजे तुम्ही ९८ च्या सुमाराला गेलात. खंड आधी पोचले आणि मागून तुम्ही. या दोन गोष्टींचा काही संबंध आहे का, हे मला कळलं पाहिजे.

मेघा गजभिये


नागपूर
७ मार्च २०२४

सुरुची मॅडम,

पाच आठवडे झाले. तुम्ही आजारी असाल असं वाटलं असतं, पण परवाच गटावर तुम्ही चिलीच्या माणसाला द्राक्षांवरचा लेख अर्ध्या तासात पाठवलात. म्हणजे तब्येत ठणठणीत आहे.

१५ तारखेपर्यंत उत्तर आलं नाही तर मी हाच प्रश्न गटावर सगळ्यांसमोर विचारणार. चारशे ग्रंथपाल आहेत. कारण विचारू नये असा नियम आहे, पण पुस्तक कुठून आलं हे विचारू नये असं कुठं लिहिलेलं नाही.

मेघा


उट्रेख्ट
८ मार्च २०२४

मेघाबाई,

धमकी द्यायची काही गरज नव्हती. काय समजता कोण स्वतःला? माझे बाबा चौऱ्याऐंशीचे आहेत. अठ्ठावीस वर्षं त्यांनी त्या ग्रंथालयासाठी हाडं झिजवली. तुम्ही आज ज्या सूचीवर बोट फिरवता ना, ती त्यांनी हातानं लिहिलीय. आणि त्यांनी मला परदेशी पाठवायला पुस्तकं विकली म्हणता? जीभ कशी रेटली तुमची?

ग्रंथालयं एकमेकांना पुस्तकं देतात. जादा प्रती देतात, बदल्यात घेतात. तसेच हे खंड रीतसर आले असणार. मी बाबांना फोनही केला. ते म्हणाले, "जुनं झालं ते सुरुची, उकरून काय मिळणार कोणाला?" बरोबरच आहे त्यांचं.

आणि धोंडबाकाकांचं नाव मध्ये कशाला आणता? मला ते चांगले आठवतात. मी शिडीवरून पडले तर खाली हात धरून उभे राहायचे. त्यांना कोणी काढलं नव्हतं. प्रकृतीमुळे त्यांनी नोकरी सोडली, असं बाबांनीच आम्हाला सांगितलं होतं.

खरं सांगा, तुम्हाला कोणी भरीला घातलंय? बढतीचं काही आहे का? सत्तावीस वर्षांनी एका परिचरासाठी कोणी एवढं मोजत बसत नाही. तुमचे कोण लागतात ते?

सुरुची मुंडले


वाडी, नागपूर
१४ मार्च २०२४

सुरुची मॅडम, जय भीम.

आत्तापर्यंत तुम्हाला 'नमस्कार' लिहीत होते ते मुद्दाम. तुम्ही माहेर विचारलं होतं, तेव्हा मी उत्तर टाळलं. आता सांगते. धोंडबा ढोके माझे वडील.

प्रकृतीमुळे सोडली म्हणता? अठ्ठ्याहत्तराव्या वर्षीही ते सायकलनं भाजी आणतात. सोळा वर्षं तात्पुरत्या नोकरीत काढली आणि कायम व्हायला चार महिने असताना चोर म्हणून काढलं त्यांना. मी अकरा वर्षांची होते. शाळेत पोरी माझं दप्तर उघडून बघायच्या, कोणाचं पुस्तक आहे का म्हणून. त्यानंतर बाबूजींनी वाडीत ट्रान्सपोर्टच्या गोदामावर वीस वर्षं चौकीदारी केली. पुस्तकचोर म्हणून काढलेल्या माणसाच्या हाती गोदामवाल्यानं किल्ल्या दिल्या आणि एक खोकं कमी झालं नाही.

मी नवऱ्याच्या आडनावानं परीक्षा दिली आणि २०१५ला इथं लागले. मी कोणाची मुलगी हे इथं कोणालाच माहीत नाही. पहिल्या दिवशी बाबूजी गेटपर्यंत सोबत आले आणि तिथूनच वळले. आता नऊ वर्षं झाली. माझा डबा घरी राहिला तर गेटवरच्या चौकीदाराजवळ देतात आणि परत जातात. आत पाय टाकत नाहीत.

मी त्यांना ३४व्या पानाचा कागद दाखवला. त्यांनी तो खिडकीच्या उजेडात धरला, उलटा केला, परत सुलटा केला. म्हणाले, "व्हय. हा मीच मारला. डावीकडं झुकते माहा शिक्का. साहेब रागवे मले."

मला वाटलं, आता हे संतापतील, शिव्या देतील. ते रडायला लागले. "मेघा, सत्तावीस वर्सं मले वाटून राहिलं का माह्याच हातून गेले असतीन ते. तू टायफॉइडनं पडली होती, माहं ध्यान नोतं. रद्दीचे बोरे बांधताना चुकून बांधले असतीन, असंच मी समजून चाललो."

ऐकलंत? दुसऱ्यांनी संशय घेतला ते घेतला. माझ्या बापानं सत्तावीस वर्षं स्वतःवर संशय घेतला. मी म्हटलं, मुंडले साहेबांनीच पाठवले असतील. तर माझ्यावरच उखडले, "काहून वं असं बोलतं? साहेबाले माहीत नसन. माहीत असतं तर थे बोलले असते."

माझा तसा विश्वास नाही. तुमच्या बाबांवर नाही आणि तुमच्यावर तर अजिबात नाही. मला बढती नको. मला एवढंच पाहिजे की माझे वडील जिवंत असेपर्यंत रजिस्टरमधली ती ओळ खोडली जावी. त्यासाठी खंड कोणी पाठवले, त्याचा कागद लागेल. तो तुमच्याच इमारतीत कुठंतरी असेल. शोधा, नाहीतर नाही सापडला म्हणून लिहा. तुमच्यात जेवढी लाज असेल तेवढं करा.

मेघा धोंडबा ढोके


उट्रेख्ट
२९ एप्रिल २०२४

मेघाताई,

आधी कबुली देते. ९ जानेवारीला मी ओरडले नव्हते. कोणाची कॉफीही सांडली नव्हती. तुमची मागणी वाचली आणि उठून खोलीचं दार लावून घेतलं.

२००६ साली इथल्या तळघरात सूची तपासताना हे चार खंड पहिल्यांदा माझ्या हातात आले. बोटं आपोआप ३३वर गेली. लहानपणी बाबांनी मला तो आकडा कानात सांगितला होता, कोणाला सांगायचा नाही म्हणून. डावीकडे झुकलेला शिक्का पाहिला आणि मी खंड मिटून फळीवर ठेवला. देवाणघेवाणीत आले असतील, असं स्वतःला सांगितलं. अठरा वर्षं तेच सांगत राहिले. पत्रांची जुनी फाइल चार पावलांवर होती, मी तिला हात लावला नाही. तुमची मागणी दुसऱ्या कोणाच्या हातात पडली असती तर ३३ही तुमच्याकडे गेलं असतं, म्हणून मी धावत पुढे आले. खंड बांधणीला वगैरे गेले नव्हते, माझ्या टेबलाच्या खणात होते. काढून टाकायचं पान कोणतं हे कळण्याइतकी मी बाबांची मुलगी होते, आणि मागचं अंग विसरण्याइतकी घाबरलेली होते.

तुमचं पत्र वाचून मी दोन आठवडे नुसती चिडत होते. तुमच्यावर, मग बाबांवर. मग फाइल काढली.

बाबांची तीन पत्रं आहेत, इंग्रजीत. तिन्हींच्या प्रती सोबत जोडल्या आहेत.

पहिलं १२ मार्च १९९६चं. इथले त्या वेळचे ग्रंथपाल हेंड्रिक यांना. वार्षिक अहवालांच्या जादा प्रती पाठवतोय, बदल्यात तुमचे पाठवा. खाली लिहिलंय की माझा परिचर या आठवड्यात रजेवर आहे, त्याची मुलगी आजारी आहे, म्हणून पार्सल मीच बांधलं, गाठी नीट बसल्या नसतील तर माफ करा. अहवाल हिरव्या बांधणीत होते आणि निरीक्षणांचे खंडही हिरव्या बांधणीत. धोंडबाकाका असते तर हात लावताच ओळखले असते. बाबांनी ते अहवालांच्याच गठ्ठ्यात बांधले.

दुसरं १९ सप्टेंबर १९९७चं. 'चार खंड माझ्या चुकीने आपल्याकडे आले आहेत. कृपया गाजावाजा न करता परत पाठवावेत.' काकांना काढलं ते ऑक्टोबरच्या शेवटी, असं तुमच्या केंद्राच्या जुन्या अहवालात दिसतं. म्हणजे बाबांना महिनाभर आधी कळलं होतं.

तिसरं ३ नोव्हेंबर १९९७चं. दोनच ओळी. 'खंड परत पाठवण्याची आता आवश्यकता नाही. इथे प्रकरण मिटले आहे.'

हेंड्रिक साहेबांनी पार्सल बांधूनही ठेवलं होतं हो. ते पुन्हा सोडलं.

चौथा कागद जानेवारी ९८चा, हेंड्रिक साहेबांनी माझ्या इथल्या शिक्षणाच्या प्रवेशासाठी केलेली शिफारस. तारखा बघता ती लाच नव्हती. पण बाबांनी ओळख मागितली तेव्हा समोरच्या माणसाला त्यांच्याबद्दल काय काय माहीत होतं, हा विचार आता माझ्या डोक्यातून जात नाही. इथून पुढे या खुर्चीवर मी सुखानं बसेन असं वाटत नाही.

बाबांना फोन करून तिन्ही पत्रं वाचून दाखवली. मग म्हणाले, "अजून ठेवलीत त्यांनी?" आणि फोन ठेवला.

ती चार ३३वी पानं सोबत आहेत. मूळ खंड परत द्यायला आमच्या संचालकांनी होकार दिलाय, कागदपत्रांना दोन-तीन महिने लागतील. आणि काल मी गटावर सगळं लिहिलं, बाबांच्या नावासकट आणि मी पान लपवल्याच्या कबुलीसकट. आता तुम्हाला गटावर विचारायचं काही उरलेलं नाही.

माफी मागायची कशी, ते मला सुचत नाही.

सुरुची


वाडी, नागपूर
६ मे २०२४

सुरुचीताई,

गटावरचं पत्र वाचलं. ते धाडस तुम्ही केलंत, हे मी मान्य करते. त्यापुढचं मात्र मला इतक्यात म्हणता येणार नाही.

बाबूजींना तिन्ही पत्रं मराठीत करून वाचून दाखवली. कूलर बंद करायला लावला त्यांनी, नीट ऐकू यावं म्हणून. पहिल्याला मान हलवली. दुसऱ्याला कागद स्वतःच्या हातात घेऊन पाहिला. तिसरं वाचल्यावर म्हणाले, "तारीक सांग परत."

मी सांगितली, तीन नोव्हेंबर.

"दिवाळी होऊन गेल्ती. त्याच दिवशी साहेब आपल्या घरी आल्ते."

मी उठले आणि कपाटातून माझा शब्दकोश काढला. इंग्रजी-मराठी, जाडजूड. तुमचे बाबा तो घेऊन आमच्या खोलीवर आले होते. सगळे आमच्यावर उलटलेले असताना एकटे साहेब आले, चहा पिऊन गेले, ही गोष्ट बाबूजींनी मला शंभर वेळा सांगितलीय. त्या शब्दकोशावर मी दहावी केली, बारावी केली, ग्रंथालयशास्त्र केलं. कव्हर गेलं तेव्हा बाबूजींनी स्वतः बांधून दिला. आत लिहिलंय: 'चि. मेघा हिस. खूप शीक. द. वि. मुंडले. ३-११-९७.'

सकाळी तिकडं 'प्रकरण मिटले' लिहिलं असेल आणि संध्याकाळी इकडं 'खूप शीक'. पेनही तेच असेल.

खोटं कशाला सांगू, फेब्रुवारीत संशय आला तेव्हा मी त्या शब्दकोशाचंही ३३वं पान उघडून पाहिलं होतं. शिक्का नव्हता. दुकानातून विकतच आणला होता.

बाबूजी दोन दिवस जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाले, खंड आले का मी ग्रंथालयात येईन. पण ती ओळ तू नको खोडू, तुह्या संचालकानं नको खोडू. ज्यानं लिहिली त्यानंच येऊन खोडावी. तुम्हाला माहीतच आहे, ॲक्सेशन रजिस्टरमध्ये खाडाखोड चालत नाही. लाल शाईनं एक रेघ, बाजूला दुरुस्ती, खाली सही आणि तारीख. हे बाबूजींना तुमच्या बाबांनीच शिकवलं.

हे तुमच्या बाबांना कळवा. येतील असं मला वाटत नाही.

मेघा


उट्रेख्ट
२१ जून २०२४

मेघाताई,

मी कळवलं. त्यानंतर पाच आठवडे बाबा माझ्याशी बोलले नाहीत. माझा भाऊ केयूर त्यांच्याजवळ असतो. तो म्हणाला, "म्हाताऱ्याला मारून टाकणार आहेस का तू?" मीही म्हटलं, दुसरा एक म्हातारा सत्तावीस वर्षं मरतोय. आमचं कडाक्याचं भांडण झालं.

काल बाबांचा स्वतःहून फोन आला. ना हालहवाल, ना काही. विचारलं, "ते रजिस्टर अजून लोखंडी कपाटातच आहे का?" मी म्हटलं, असेल. म्हणाले, "जाईन मी. तू मात्र येऊ नकोस. तुझ्यासमोर मला जमणार नाही."

जातील की नाही, मलाही खात्री देता येत नाही. खंड परवा इथून निघाले. यावेळी पार्सल मी बांधलं.

सुरुची


नागपूर
२४ ऑगस्ट २०२४

सुरुचीताई,

तुम्ही फोनवर विचारलंत तेव्हा मला बोलता आलं नाही. म्हणून लिहिते.

बुधवारी बाबूजी अकरा वाजता आले. पांढरा धुतलेला शर्ट. गेटवर थांबले नाहीत. दारात चपला काढल्या, पूर्वीसारख्या. मी म्हटलं, आता कोणी काढत नाही. म्हणाले, "मी काढतो." मग फळ्यांमधून फिरले आणि माती-विज्ञानाची तीन पुस्तकं चुकीच्या जागी आहेत म्हणून मला ऐकवलं. चारही खंड टेबलावर होते. त्यांनी एकेकाचं ३३ उघडून पाहिलं आणि मिटलं.

केयूरभाऊ तुमच्या बाबांना साडेअकराला घेऊन आले. वॉकर आहे त्यांच्याकडे. किती वाळलेत ते. दाराशी उभे राहून "धोंडबा" एवढंच म्हणाले. बाबूजी उठले आणि खुर्ची पुढं ओढली. "बसा साहेब."

माझी फार इच्छा होती की त्यांनी काहीतरी बोलावं. आठ महिने मी त्याच क्षणासाठी शब्द जमवत होते. पण दोघंही बोलले नाहीत, तर मी काय बोलणार? मी रजिस्टर उघडून ठेवलं आणि लाल पेन दिलं.

तुमच्या बाबांनी स्वतःची ओळ वाचली, बोट ठेवून. मग रेघ मारली. रेघ सरळ आली. बाजूला लिहिलं: 'हे चार खंड माझ्या हातून परदेशी गेले. श्री. धोंडबा ढोके यांचा काहीही दोष नाही.' सही केली आणि पेन खाली ठेवलं.

मला वाटलं, झालं.

बाबूजी वाकून बघत होते. म्हणाले, "साहेब, तारीक राह्यली."

तुमच्या बाबांनी वर पाहिलं.

"तुमीच शिकवलं मले. तारखेबिगर दुरुस्ती धरत नाहीत."

"हो. खरं आहे," तुमचे बाबा म्हणाले. पुन्हा पेन उचललं. माझ्याकडे वळून विचारलं, आज किती? मी सांगितलं, एकवीस. ते लिहायला वाकले, तेवढ्यात बाबूजींनी कागदावर आपला पंजा ठेवला.

"आजची नाही साहेब. तुमाले माहीत झालं तवाची."

केयूरभाऊ पुढं यायला लागले. तुमच्या बाबांनी हातानंच त्यांना थांबवलं. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण त्यांनी पुसलं नाही. बाबूजींचा पंजा तसाच. मी त्यांच्या सप्टेंबरच्या पत्राची प्रत काढायला कपाटाकडे गेले. चौऱ्याऐंशीचा माणूस, सत्तावीस वर्षांपूर्वीची तारीख, कुठून आठवणार? फाइल काढून परत आले, तोवर बाबूजींनी हात उचलला होता.

लिहून झालं होतं. १९-९-९७.

फाइल माझ्या हातातच राहिली.

मेघा